ऑइलपेंट आणि खडू

वेल्ह्याच्या आमच्या शाळेत ऑफिसच्या दाराशेजारी एक लहान फळा होता. वर पांढऱ्या ऑइलपेंटने 'आजचा सुविचार' लिहिलेलं आणि खाली उजव्या कोपऱ्यात त्याच रंगात 'मुख्याध्यापक'. मधली जागा रिकामी, काळी. सर रोज प्रार्थनेआधी तिथं खडूने एक वाक्य लिहीत आणि दुसऱ्या दिवशी ते पुसून दुसरं लिहीत. ओलं फडकं वरपासून खालपर्यंत फिरायचं, पण ऑइलपेंटची अक्षरं तशीच राहायची. पाचवीत असताना मला वाटायचं, ती वरची अक्षरं लिहिणारा माणूस सरांपेक्षा मोठा असला पाहिजे, कारण त्याचं लिहिलेलं कुणालाच पुसता येत नाही.

सर थोरामोठ्यांची वचनं लिहीत नसत. स्वतःचं लिहीत. 'विहिरीत डोकावताना खिशातले पेन काढून ठेवावे.' 'चुकलेले गणित खोडू नका, शेजारी बरोबर करा.' 'ओली छत्री वर्गाबाहेर ठेवावी. रागसुद्धा.' तपासणीला आलेल्या एका साहेबांनी हे सुविचारात बसत नाही असं म्हटलं होतं म्हणे. सरांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'पाहुण्यांचे ऐकून घ्यावे.'

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावी पास झालेलं नव्हतं. माझा निकाल लागल्यावर सर डोंगर चढून आमच्या घरी आले, ओट्यावर बसले, आणि मला भोरला कॉलेजात घाला असं वडिलांना सांगू लागले. पोरीला तिथं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हाच वडिलांचा प्रश्न होता. सर म्हणाले, माझं घर भोरातच आहे, मुलगी वसतिगृहात राहील आणि दर रविवारी आमच्याकडे जेवेल.

वडील म्हणाले, "तुमी म्हणताय तर जाऊ द्या. पर येताना शिकून यावी. नुसती जाऊन आल्याली नको."

पाच वर्षं मी रविवारी सरांच्या घरी जेवले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला वाढताना कधी विचारत नसत, ताटात भाकरी टाकून मोकळ्या होत. सर आठवडाभर वेल्ह्यात खोली घेऊन राहत आणि शनिवारी अर्धी शाळा सुटली की एसटीने घरी येत. आले की काकू त्यांचा सदरा काढून घेत आणि खिसा उलटा करून अंगणात झटकत. खिशात खडूचे तुकडे असायचेच. "शाळेचा खडू ह्यांच्या खिशात आन्‌ पोरांना म्हणत्यात चोरू नका," असं काकू दर शनिवारी म्हणत आणि सर दर शनिवारी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसत.

पदवी झाली, पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि दोन हजार सहाच्या सुमारास मला एका लहानशा कंपनीत नोकरी लागली. आम्ही सहाजण होतो. लोकांच्या वेबसाइट बनवायचो. साहेब म्हणाले, आता हाताने एकेक पान लिहायचे दिवस गेले, कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम शिका. एक जाड इंग्रजी पुस्तक हातात दिलं. पहिले दोन महिने मला त्यातलं काही उमगलं नाही. एका पानावरचा मजकूर बदलायला जावं तर तो त्या पानात सापडायचाच नाही. डोळ्यांना दिसायचा एकीकडे आणि राहायचा भलतीकडेच. काही मजकूर पानाचा असतो, काही टेम्प्लेटचा, म्हणजे सगळ्या पानांना मिळून जो एकच साचा असतो त्याचा, आणि काही असतो ब्लॉकचा. ब्लॉक म्हणजे साच्यात सोडलेली एक चौकट. तिच्यात काय भरायचं ते वेगळ्या जागी ठेवलेलं असतं आणि ते तिथून येऊन प्रत्येक पानावर दिसतं. पुस्तकात हे सगळं होतं. मी पाठही केलं होतं. पण समजलं नव्हतं.

मला ते समजवलं सरांनी, आणि सरांनी तोवर माउसही हातात धरलेला नव्हता.

शाळेला त्या वर्षी दोन कॉम्प्युटर आणि फोनची लाइन मिळाली होती. मी साहेबांना विचारून रविवारच्या वेळात शाळेची वेबसाइट करून द्यायचं ठरवलं. पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. सरांचं जे देणं होतं ते फेडायला मला दुसरी रीत माहीत नव्हती. काय काय हवं विचारायला गेले तेव्हा मी सरांपुढे पुस्तकातलं बोलू लागले. साचा असा, चौकट अशी, मजकूर असा. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि दाराशेजारच्या फळ्याकडे बोट केलं.

"म्हणजे तो ऑइलपेंट आणि हा खडू," ते म्हणाले.

मी वळून फळ्याकडे बघितलं. पुस्तकाची सहाशे पानं त्या फळ्यावर लिहिलेली होती आणि मी सहा वर्षं त्याच्यासमोर उभी राहून प्रार्थना म्हटली होती.

मग वेबसाइटवर सुविचाराचा ब्लॉक आलाच. प्रत्येक पानाच्या उजव्या बाजूला फळ्याच्या रंगाची एक चौकट. वर 'आजचा सुविचार', मध्ये वाक्य, खाली सरांचं नाव. फळ्यावर नुसतं 'मुख्याध्यापक' असायचं, मी मुद्दाम पूर्ण नाव घातलं, आणि ते ब्लॉकमध्ये न घालता साच्यातच घालून टाकलं. मला ते कुणाच्या हाताने पुसलं जायला नको होतं. तेव्हा ती माझी कृतज्ञता होती. आज मी तिला चूक म्हणते.

वाक्य भरायचं सरांनी. पण वेल्ह्यात भारनियमन, फोनची लाइन पावसात आठ-आठ दिवस बंद. रोज भरणं अशक्य होतं. म्हणून मी अशी सोय केली की वाक्याला तारीख घालून ते आधीच भरून ठेवायचं आणि त्या तारखेला ते आपोआप चौकटीत यायचं. सरांचा विश्वास बसेना. तेव्हा तपासून बघण्यासाठी त्यांनी वर्षाच्या अगदी शेवटची, निकालाच्या आदल्या दिवसाची तारीख घातली आणि माझ्यासमोर एका बोटाने टाइप केलं, 'उद्या निकाल. फळा पुसून ठेवा. खडू घरी नेऊ नका.' दरवर्षी त्या दिवशी ते हेच लिहीत. मी म्हटलं, सर, एप्रिलमध्ये हे येईल बघा. ते म्हणाले, "बघू. मी विसरलो तरी हे विसरणार नाही, असं ना?"

टेबलावर त्यांची सुविचाराची वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. फळ्यावर लिहिण्याआधी त्यात लिहायची त्यांची सवय होती. मी ती मिटून बाजूला ठेवली आणि म्हटलं, "सर, आता वहीची गरज नाही. इथं टाकलं की कायमचं राहतं."

हे वाक्य मी जितक्या वेळा स्वतःला ऐकवलं आहे तितकं दुसरं कुठलंच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सर भोरच्या एका सायबर कॅफेत रोज जाऊन बसू लागले. एसटी स्टँडजवळ एका मुस्लिम कुटुंबाचं ते दुकान होतं. पुढे वडिलांचा शिलाईचा व्यवसाय, मागे मुलाचे चार कॉम्प्युटर. त्या मुलाने नंतर मला सांगितलं की सर तासभर वर पंख्याकडे बघत बसायचे, मग एक ओळ लिहायचे, मग परत पंखा. आजूबाजूची मंडळी म्हणायची, मास्तरांना पंख्यातून दिसतंय काय. सुट्टी संपेपर्यंत त्यांनी शाळेच्या प्रत्येक दिवसाचं वाक्य भरलं. थेट एप्रिलपर्यंत.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी, सर वेल्ह्याहून दुपारच्या गाडीने निघाले. खिडकीशी बसले होते. नसरापूरला उतरून त्यांना भोरची गाडी धरायची असे. कंडक्टर ओळखीचा, त्याला वाटलं डोळा लागला. नसरापूरला त्याने खांद्याला हात लावला तेव्हा समजलं.

रविवारी सकाळी सगळं झालं. मी पोचले. काकूंनी शनिवारचा सदरा घडी न घालता खुंटीला तसाच ठेवला होता, खिसा न झटकता. मी रात्रीच्या गाडीने पुण्याला परतले, कारण सोमवारी एका गिऱ्हाइकाचं काम द्यायचं होतं. ऑफिसात बसल्यावर सवयीने शाळेची वेबसाइट उघडली. चौकटीत त्या दिवसाची तारीख होती, आणि खाली:

'आज वारा आहे. खिडक्यांच्या कड्या लावा. काच फुटली तर वाऱ्याला दोष देऊ नका.'

त्याखाली सरांचं नाव.

मला सगळं माहीत होतं. ती सोय मीच केलेली होती, ती कशी चालते ते मी पाठ सांगू शकत होते. तरी मी उठून खिडकी बंद केली. पुण्यात त्या दिवशी पानही हलत नव्हतं. वेल्ह्यात वारा होता का, ते मी कुणाला विचारलं नाही.

मग ते रोजचंच झालं. दहाव्याच्या दिवशी आलं, 'उशिरा आलेल्याला आधी आत घ्या, कारण नंतर विचारा.' त्या सकाळी माझी गाडी चुकल्याने मी घाटावर उशिराच पोचले होते. एकदा आलं, 'मी बोलत असताना मागच्या बाकावर कोण हसले ते मला ठाऊक आहे.' सुट्टीतल्या त्या पंख्याखाली ते हसतच लिहिलं असणार. पण फेब्रुवारीत, त्या नावाच्या वर, ते वाचवत नव्हतं. पुढचं सगळं माझ्या हातात होतं. मजकूर भरायच्या आतल्या पानावर तारखांची उभी यादी दिसायची, प्रत्येक तारखेवर बोट ठेवलं की तिच्यातलं वाक्य उघडलं असतं. मी एकही उघडलं नाही. दुसऱ्याची बंद पत्रं वाचल्यासारखं झालं असतं. तो माझा प्रामाणिकपणा पुढे मलाच नडला.

फेब्रुवारीच्या अखेरीस नव्या मुख्याध्यापकांचा फोन आला. ते सरांच्याच हाताखाली वाढलेले, भले गृहस्थ होते. ते अडखळत बोलत होते. पाचवीतली एक मुलगी कॉम्प्युटरच्या खोलीत जायला तयार नाही, म्हणते मोठे सर आत बसून लिहितात. तिच्या आजीने दाराला लिंबू बांधायला सांगितलं आहे. वरून तपासणीला साहेब येणार आहेत, आजची तारीख आणि सरांचं नाव एकत्र बघून ते काय म्हणतील. एवढं सगळं सांगून ते शेवटी म्हणाले, "मजकुराचं काही नाही हो. पण नाव तेवढं काढा."

त्या सकाळी माझ्या टेबलाशी एक गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसलं होतं. दोन मिनिटांचं काम, असं म्हणून मी आत शिरले, नाव साच्यात आहे हे विसरून सुविचाराचा ब्लॉक निवडला आणि काढून टाकला. लपवण्याचं बटण शेजारीच होतं. लपवला असता तर वाक्य दिसलं नसतं आणि आतलं सगळं सुखरूप राहिलं असतं. मशीनने एकदा विचारलंही, नक्की का. मी हो म्हटलं.

मग मी शाळेचं पान उघडून बघितलं. चौकट होती. वर 'आजचा सुविचार' होतं. खाली सरांचं नाव होतं, मी साच्यात घातलेलं, जसंच्या तसं. मध्ये काही नव्हतं. तारखांच्या यादीकडे गेले. यादी नव्हती. ब्लॉकबरोबर त्यातलं सगळं गेलं होतं.

ज्यांनी नाव काढायला सांगितलं होतं त्यांच्यासाठी मी नाव ठेवलं आणि बाकी सगळं पुसलं.

आमच्या कंपनीच्या साहेबांनी माझं तोंड बघून स्वतः खटपट केली. आमच्याकडे बॅकअपची एक सीडी होती, पण ती वेबसाइट सुरू केली त्या दिवसाची. त्यात पहिली सहा वाक्यं आणि ते एप्रिलचं एक होतं. जिथं साइट ठेवली होती त्या लोकांना फोन केला, त्यांच्याकडे काहीच नव्हतं. सायबर कॅफेतल्या मुलाला विचारलं तर त्याची मशीन व्हायरसमुळे दोनदा पुसून नव्याने भरलेली. संध्याकाळपर्यंत सगळे रस्ते संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला माझा मोबाईल वाजला. नंबर कॅफेचा होता, आवाज काकूंचा. त्या काही विचारत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या.

"पोरी, आज सरांचं आलं न्हाई."

मला माहीतच नव्हतं. तेराव्यानंतर काकू रोज सकाळी आठला कॅफेत जात होत्या. सातवी शिकलेल्या, कॉम्प्युटरला हातही न लावणाऱ्या. तो मुलगा शटर उघडताच आधी शाळेचं पान लावून द्यायचा आणि बाजूला व्हायचा. माझा नंबर त्यानेच पानाच्या तळाशी बघून लावला होता. मी फोनवर काहीतरी थातूरमातूर बोलले आणि रविवारी येते म्हटलं.

रविवारी भोरला गेले. पाच वर्षं त्या स्वयंपाकघरात जेवले होते, पण त्या दिवशी उंबऱ्यातच उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. लिंबू, गिऱ्हाईक, बटण, नक्की का, सगळं. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "म्हंजे ते लिवून ठिवल्यालं व्हतं. एप्रिलपत्तुर."

मी हो म्हटलं.

"ते ठावं हाय मला. दिवाळीत दिवसभर कुठं बसत्यात ते म्या इचारल्यालं. मेल्याला मानूस लिवतो असं मला वाटत न्हाई, पोरी. मी काय पाचवीत न्हाई." त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "पर माज्याकरता नवीनच की ते. रोज एक. मला न्हाई सांगितल्यालं असं काहीतरी रोज एक."

उठून त्यांनी फडताळातून निळ्या पुठ्ठ्याची वही आणली. दिवाळीपर्यंतची पानं सरांच्या अक्षरात होती. मग एक कोरं पान. आणि तिथून पुढे काकूंचं अक्षर, मोठं, ओळीबाहेर जाणारं, मात्रा कुठे कुठे सुटलेल्या. कॅफेतून उतरवून आणलेलं, रोज एक. शेवटचं फोनच्या आदल्या दिवसाचं, म्हणजे मी पुसलं त्याच सकाळचं: 'वाटेत भेटलेल्याचे ओझे घ्यावे, पण घरापर्यंत नेऊ नये.' त्यापुढे वही कोरी होती.

"पुढचं तू वाचलं असशील," काकू म्हणाल्या. "तुज्याच ताब्यात व्हतं."

वाचलं नाही, हे सांगताना मला जेवढी लाज वाटली तेवढी पुसलं हे सांगतानाही वाटली नव्हती. मग म्हटलं, एक माहीत आहे. फक्त एक. आणि एप्रिलचं ते वाक्य मी सांगितलं.

काकूंना हसू आलं. "खडू घरी नेऊ नका," त्या म्हणाल्या, "आन्‌ सोता?" आणि त्यांची नजर खुंटीकडे गेली. सदरा तिथंच होता. मीही तिकडे बघितलं.

मग त्यांनी मला निकालाच्या आदल्या दिवसाची तारीख विचारली. वहीचं एक पान म्हणजे एक दिवस असं धरून त्या बोटाने पानं उलटत गेल्या, रविवार गाळत, होळीची सुट्टी गाळत, गुढीपाडवा गाळत. ते पान आल्यावर मला पेन मागितलं आणि वाक्य लिहून काढलं. मधली सगळी पानं कोरी ठेवली. वही मिटताना त्या पानांचा जाडपणा त्यांनी अंगठ्याने चाचपून बघितला.

निघताना मी विचारलं, चौकटीत नाव अजून आहे, त्याचं काय करू. मुख्याध्यापकांनी ते काढायला सांगितलं आहे, पण तुम्ही म्हणाल तसं.

"काढ," काकू म्हणाल्या. "नुसत्या नावाला काय करू? दाराव पाटी हाय की."

पुण्याला आल्यावर मी साचा उघडला. सरांचं नाव मी जिथं घातलं होतं ती ओळ शोधली. तिच्या आजूबाजूला सगळा मजकूर इंग्रजीत होता, मध्ये तेवढीच देवनागरी अक्षरं. पुसायला एक क्षण लागला, तिच्याबरोबर रिकामी चौकटही काढली. लहानपणी मला वाटायचं की ऑइलपेंट पुसता येत नाही.

एप्रिलच्या त्या दिवशी मी सकाळी सात वाजताच ऑफिसात गेले. चौकट एका दिवसापुरती परत लावली. वर शीर्षक, मध्ये सीडीवरून उतरवलेलं सरांचं वाक्य, खाली काही नाही. शाळेच्या लोकांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, निकालाच्या आदल्या दिवशी मुलं येतच नाहीत, लावा.

साडेआठला मीच कॅफेत फोन केला. तो मुलगा म्हणाला, "व्हय ताई, आल्या होत्या काकू. वाचलं. बराच वेळ बसल्या, मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून धरलं."

काही म्हणाल्या का, मी विचारलं.

"न्हाई. उठून गेल्या." मग त्याला काहीतरी आठवलं. "आज वही आणली नव्हती त्यांनी."